थांबवलेली बाटली

धर्मेंद्रने खोकल्याच्या औषधाची बाटली तिसऱ्यांदा स्कॅनरखाली धरली. स्कॅनर टुक करून वाजला आणि संगणकाच्या पडद्यावर तीच लाल चौकट पुन्हा उघडली. ‘विक्री थांबवली आहे.’ का थांबवली, कोणी थांबवली, काही पत्ता नाही. खाली फक्त एक बटण होतं, ‘ठीक आहे’.

“काय ठीक आहे? डोंबल!” तो पुटपुटला.

काउंटरपलीकडे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. वीस-बावीस वर्षांची असेल. दीड वर्षाची पोरगी कानटोपीत गुरफटून आईच्या खांद्यावर गाल टेकून पडली होती आणि मधूनच कोरडं, खरखरीत खोकत होती. बाईचं लक्ष बाटलीपेक्षा रस्त्याकडेच जास्त होतं. नाक्यावर दाभोशाला जाणारी जीप भरत आली होती. आज जव्हारचा बाजार. ही जीप गेली की दुसरी कधी सुटेल ते तिचा ड्रायव्हरही सांगू शकला नसता.

होलसेलरच्या आग्रहाने हा नवा प्रोग्राम दुकानात आला त्याला तीन महिने झाले होते. तेवढ्यात त्याने धर्मेंद्रचा जीव नकोसा केला होता. दिवाळीच्या आठवड्यात त्याने कापसाच्या बंडलासाठी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. ग्लुकोजच्या पुड्याची मुदत सन एकोणीसशे सव्वीसमध्येच संपल्याचं जाहीर केलं. दुखण्यावरच्या मलमाची विक्री सकाळी थांबवली आणि दुपारी आपणहून सोडली. प्रत्येक बिलाला तो गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर मागायचा. पाड्यांवरून येणाऱ्या निम्म्या बायकांकडे नंबर नसायचा, म्हणून धर्मेंद्र स्वतःचाच टाकायचा. मग ‘लवकर बरे व्हा’ असे संदेश दिवसभर त्याच्याच फोनवर येत राहायचे.

“बघा काका,” तो बाकावर बसलेल्या रोहिदास काकांना म्हणाला. काका तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि रोज दहा वाजता इथे येऊन दुकानाचा पेपर वाचायचे. “हे तुमचे सरकारी नियम.”

“माझे कसे? मी सुटलो कधीचाच.”

“ज्यांनी जन्मात काउंटरवर एक दिवस काढला नाही, ते नियम करतात. कंपनी आपलं बघते, होलसेलर आपलं बघतो, आणि फास सगळा आमच्या गळ्याला. मी सांगतो तुम्हाला, माणूस स्वतःचं हित बघतो म्हणूनच धंद्यात सरळ वागतो. मी खराब औषध दिलं तर उद्या माझी पायरी कोण चढेल? हाच माझ्यावरचा पहारा. वर आणखी इन्स्पेक्टर कशाला हवा?”

काकांनी पेपर खाली केला नाही. “आणि कळलंच नाही तर?”

“काय कळलं नाही तर?”

“औषध खराब होतं, हे. कशानं काय झालं, ते माणसाला कुठं कळतं?”

याला धर्मेंद्रकडे उत्तर होतं. पण जीपवाल्याने हॉर्न दिला आणि बाई एक पाऊल मागे सरकली.

“थांब, थांब. डॉक्टरची चिठ्ठी आहे का?”

“डॉक्टरकडं लाइन लय हाय, शेठ. माझा नंबर नाय आला.”

धर्मेंद्रने खालच्या खणातून जुनं बिलबुक काढलं. ‘खोकला सिरप, १’ एवढंच लिहिलं आणि चिठ्ठी फाडून बाटलीबरोबर पिशवीत टाकली.

“अर्धं टोपण. दिवसातून तीनदा.”

मान हलवून बाई पळाली. पोरीची कानटोपी मागे घसरली होती, ती पळता पळताच तिने सारखी केली. जीपच्या मागच्या फळीवर कोणीतरी सरकून तिला जागा दिली.

पुढचा तासभर गर्दी होती. गर्दी ओसरल्यावर त्याने होलसेलरच्या माणसाला फोन लावला. हरेश त्याचं नाव. दर आठवड्याला नाशिकहून माल घेऊन यायचा. दोघांची अरेतुरेची ओळख होती.

“अरे, काय प्रोग्राम दिलाय तू? काल आणलेलं खोकल्याचं औषध विकूच देत नाही.”

“ते खरंच थांबवलंय, धर्मेंद्रभाऊ.”

“म्हणजे?”

“ती बॅच तपासणीत नापास झाली. काल संध्याकाळी ग्रुपवर टाकलंय मी. बघितलं नाहीस?”

धर्मेंद्रने ग्रुप उघडला. शुभ सकाळ. गुलाबाचं फूल. कोणाचं तरी हरवलेलं एटीएम कार्ड. पुन्हा शुभ सकाळ. त्यांच्या मधोमध एक कागद होता, काल रात्री त्याच्या फोनवर तो उघडला नव्हता आणि त्याने सोडून दिला होता. आता त्याने बोट ठेवलं तर लगेच उघडला. औषधाचं नाव तेच होतं. खाली चार ओळी होत्या. त्यांतले ‘लहान मुलांच्या मूत्रपिंडांना’ हे शब्द त्याने वाचले आणि पुढचं वाचायच्या आधीच कपाटातल्या उरलेल्या पाच बाटल्या काउंटरवर आणून ठेवल्या. नंबर जुळवताना त्याचं बोट एकेका अक्षरावर थांबत होतं. शेवटचा आकडासुद्धा तोच निघाला.

“किती गेल्या?” फोनमधून हरेशने विचारलं.

“एक.”

“बिल केलंस?”

“तुझ्या प्रोग्रामनं करू दिलं नाही. हातानं लिहून दिलं.”

“मग सुटलास की!” हरेशचा आवाज एकदम मोकळा झाला. “सिस्टिमला सहाच्या सहा दिसतायत. पाच परत दे, एक वाटेत फुटली म्हणून टाकू. तुझं नाव कुठंच येत नाही.”

“बाटली गेलीय, हरेश. दीड वर्षाची पोर आहे.”

“नापास म्हणजे लगेच विष नसतं रे. आणि एका बाटलीनं काय होतंय? तू स्वतःचं बघ.”

धर्मेंद्रने फोन खाली ठेवला. स्वतःचं बघ, हे तर तोच सगळ्यांना सांगत आला होता. इतक्या वर्षांत ते त्याने कधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

रोहिदास काकांनी पेपरची घडी घातली. “कुठली होती ती बाई?”

नाव त्याने विचारलं नव्हतं. नंबर घेतला नव्हता. बिलबुकातल्या कार्बनखाली फक्त दोन शब्द आणि एक आकडा उमटला होता, आणि तेवढ्यावरून माणूस सापडण्यासारखा नव्हता.

“दाभोशाच्या जीपमध्ये बसली,” तो म्हणाला.

“म्हणजे सोम्याची जीप. त्याला फोन लाव.”

फोन लागला नाही. खाली दरीत उतरलं की कोणाचाच लागत नाही.

सव्वीस वर्षांत बाजाराच्या दिवशी भर दुपारी त्या दुकानाचं शटर कधी खाली आलं नव्हतं. समोरचा चहावाला हातातली किटली तशीच धरून बघत राहिला.

“कोणी वारलं का?” त्याने विचारलं.

धर्मेंद्रने मोटारसायकलला किक मारली.

रस्ता ओळखीचा होता, तरी आज तो संपता संपेना. साग पानगळीला लागले होते. कापलेल्या भाताची धसकटं उभी असलेले जमिनीचे तुकडे उतारावर खाली खाली गेले होते. अंगावर गार वारा येत होता आणि सदरा मात्र पाठीला चिकटला होता. मनात एकच हिशेब चालू होता. जीपला एक तास. वर पायवाट असेल तर आणखी अर्धा. घरी पोचल्या पोचल्या आई पहिलं काय करेल? अर्धं टोपण. त्यानेच तर सांगितलं होतं.

दाभोशाच्या फाट्यावर जीप उभी होती. सोम्या बॉनेटवर बसून भाकर खात होता.

“सकाळी एक बाई आली ना तुझ्या गाडीतून? पोर खोकत होती.”

“सगळ्यांचीच पोरं खोकतात, शेठ, या दिवसांत.”

“पिवळी कानटोपी होती.”

“हां, कमू. मंगेशची बायको. मंगेश वसईला गेलाय कामाला.” सोम्याने हाताने डोंगर दाखवला. “वरच्या पाड्यावर घर हाय. गाडी ओढ्यापर्यंत जाईल. काय झालं?”

“बाटली बदलायचीय.”

सोम्याने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा भाकर खायला लागला.

ओढ्याशी धर्मेंद्रने गाडी लावली. पाणी घोट्याएवढंच होतं. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि तसाच दगडावर उभा राहिला. वर काय सांगायचं, ते शब्द त्याच्या तोंडात आपोआप तयार होत होते. चुकून दुसरी दिली. ही चांगली, ती तशी साधी. आणि तिने आधीच पाजलं असेल तर? तर मग काहीच सांगायचं नाही, नुसतं पोरीला जव्हारच्या दवाखान्यात दाखव म्हणायचं, गाडीवर बसवून न्यायचं, तेवढं पुरे. कोणाला कळणार होतं? रोहिदास काकांना ठाऊक होतं, पण ते बोलणारे नव्हते. आपण किती सफाईने हे जुळवतोय, ते लक्षात येऊन त्याने ओला हात सदऱ्याला पुसला आणि चढण धरली.

पाड्यावर सात-आठ घरं होती. कारवीच्या कुडांना शेणमातीचा लेप, पुढे सारवलेलं अंगण. पहिल्याच अंगणात एक म्हातारी सुपात नागली पाखडत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर पेंढ्यावर ती पोरगी बसली होती. दोन्ही हातांत औषधाची बाटली उभी धरून ती तिचं टोपण चोखत होती.

धर्मेंद्र धावला. त्याने बाटली ओढून घेतल्याबरोबर पोरीने भोकाड पसरलं. म्हातारी सूप टाकून उठली. घरातून कमू बाहेर आली, हातात ओलं फडकं.

“शेठ?”

तो टोपणाखालच्या सीलच्या कड्यावरून अंगठा फिरवत होता. कडं सलग होतं. पुन्हा एकदा फिरवला. कुठेही तुटलं नव्हतं. बाटलीतलं औषध गळ्यापर्यंत जसंच्या तसं होतं.

“दिलं नाय अजून,” कमू घाईघाईने म्हणाली. तिला वाटलं, शेठ रागावायला आलाय. “वर्षाताईला दाखवल्याबिगर मी काय पाजत नाय पोरीला. तिची मीटिंग हाय दवाखान्यात. आली का लगेच देते. आजच देते, शेठ.”

“नको,” धर्मेंद्र म्हणाला, “नको देऊ.” आणि तो तिथेच अंगणात खाली बसला. त्याला हसू आलं. डोळ्यांतही काही आलं असावं, कारण म्हातारी पोरीला उचलायचं सोडून त्याच्याकडेच बघू लागली.

“कमू, पाणी आण,” ती म्हणाली. “मानूस चढून दमला.”

ही जिजा, कमूची सासू. तिने तांब्या पुढे केला. धर्मेंद्रने तो अर्धा एका दमात संपवला.

“ही बाटली मी घेऊन जातो,” त्याने सांगितलं. “चुकून दुसरी दिली होती.”

“बरं,” कमू म्हणाली.

झालं होतं. एवढंच बोलायचं होतं आणि ते किती सोपं निघालं. बाटली पिशवीत घालून आता उठायचं आणि उतरायला लागायचं.

तेवढ्यात पायवाटेने एक बाई वर आली. खांद्याला कापडी पिशवी, एका हातात फोन, आणि चेहऱ्यावर राग. पाड्याची आशा कार्यकर्ती, वर्षा.

“मीटिंग बाराला सुटली,” कोणी न विचारताच ती बोलू लागली. “आणि दीड वाजेपर्यंत मी त्या पाण्याच्या टाकीवर चढून बसले. फॉर्म जातच नाही! नुसतं गोल फिरतंय. वरून म्हणतात, आजच्या आज भरा नाहीतर घरभेटी धरणार नाही.” मग तिला धर्मेंद्र दिसला. “काका, तुम्ही? इथं?”

“बाटली बदलायला आले शेठ,” कमू म्हणाली.

“जव्हारहून?” वर्षाने पिशवी खाली ठेवली. “बाजाराच्या दिवशी? एक बाटली बदलायला?”

म्हातारीने सूप पुन्हा हातात घेतलं होतं, पण ती पाखडत नव्हती. पोरगी खोकली.

धर्मेंद्रने पिशवीतली बाटली काढून वर्षाच्या हातात दिली.

“ही बॅच तपासणीत नापास झालीय. काल कागद आला होता, मी वाचला नाही. आज सकाळी संगणकानं विकू नको म्हणून तीनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. हातानं चिठ्ठी लिहून दिली.” त्याने बाटलीकडे बोट केलं. “मुलांच्या मूत्रपिंडांना धोका आहे, असं कागदात लिहिलंय.”

मूत्रपिंड म्हणजे काय, ते कमूला कळलं नसावं. पण तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे झाली.

वर्षाने बाटली फिरवून उन्हात धरली. डोळे बारीक करून वाचू लागली. “हे काय? चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. इथं कडेला लिहिलंय की.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं,” धर्मेंद्र म्हणाला. “सगळेच देतात. मीही देतो.”

वर्षाने कमूला अंगणात बसवलं, पोरीला मांडीवर आडवं करायला सांगितलं आणि अंगातलं झबलं छातीपर्यंत वर केलं. फोन काढून घड्याळ लावलं.

“कोणी बोलू नका.”

पोरीचं पोट वर-खाली होत होतं. वर्षाची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. धर्मेंद्रही मोजू लागला. दहा. पंधरा. मधे एक खोकला आला आणि त्याची मोजणी चुकली, त्याने पुन्हा अंदाजाने धरली. त्या एका मिनिटात पाड्यावर दुसरा कसलाही आवाज नव्हता.

“छत्तीस श्वास,” वर्षा म्हणाली. “ठीक आहे. चाळीसच्या वर नाही. श्वास घेताना छाती आत ओढली जात नाही. साधा खोकला आहे, कमू. कोमट पाणी दे, अंगावर पाज, उन्हात बसव. उद्या सकाळी मी परत मोजीन. दम लागला तर तशीच मला हाक मार.”

कमूने झबलं खाली ओढलं. तिचे खांदे आता कुठे सैल पडले.

“मला हे वर कळवावं लागेल, काका,” वर्षा हळू आवाजात म्हणाली.

“कळवा.”

“दुकानाचं नाव लिहावं लागेल.”

“माझंही लिहा.” त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि परवान्याचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. वर्षाने तो वहीत उतरवला. एक आकडा चुकला, तो त्याने दुरुस्त करून घेतला. परवान्याचं काय व्हायचं ते पुढे होईल. पोरगी समोर होती आणि आजीच्या सुपातली नागली मूठ भरभरून उधळत होती.

तो उठायला लागला तेव्हा कमू घरात निघून गेली. साहजिक आहे, त्याला वाटलं. तिने तोंडावर काही बोलून दाखवलं नाही, हेच खूप झालं.

पण कमू परत आली. पदरात काहीतरी धरून आली. ओणवी होऊन तिने त्याच्यासमोर एकेक वस्तू मांडली. औषधाच्या चार बाटल्या होत्या. एकीत दिव्याचं रॉकेल होतं, एकीत काकडीचं बी. उरलेल्या दोन्हींच्या तळाला थोडं थोडं औषध वाळून बसलं होतं.

“ह्या पन तुमच्याच दुकानातल्या,” ती म्हणाली. “मागल्या पावसाळ्यातली ही. ही त्याच्या आधीची. सासूला दिलेली ही.” ती रागावलेली नव्हती. त्याच्याकडे सरळ बघत होती. “ह्या चांगल्या होत्या का, शेठ?”

धर्मेंद्र पुन्हा खाली बसला. त्याने चष्मा लावला. पहिल्या बाटलीचं लेबल रॉकेलने तेलकट झालं होतं, तरी अक्षरं लागत होती. त्याने नाव वाचलं. बॅचचा नंबर वाचला. बनवल्याची तारीख, मुदत. सगळं मोठ्याने वाचलं, कधीकाळी शाळेत धडा वाचायचा तसं.

“ही चांगली होती.”

“आणि ही?”

“हीसुद्धा.”

शेजारच्या घराच्या दारात उभी राहून एक बाई हे बघत होती. ती आत गेली आणि गोळ्यांची अर्धी पट्टी घेऊन आली. तिचं नाव चैती. तिच्या गुडघ्यांसाठी पट्टी आणली होती, चार गोळ्या उरल्या होत्या. धर्मेंद्रने पट्टी उलटीसुलटी केली. एका बाजूला कात्रीची सरळ रेघ होती. ती त्याच्याच कात्रीची.

“ह्यावर तारीख नाही.”

“तारीख नसती का गोळ्यांवर?”

“असते. ती दुसऱ्या तुकड्यावर गेली. मी कापून दिली तेव्हा.”

“मंग? खाऊ का नको?”

“नका खाऊ,” तो म्हणाला. “मी दुसऱ्या देतो. पूर्ण पट्टी देतो.”

चैतीने पट्टी त्याच्या हातात सोडली आणि बाजूला उकिडवी बसली. मागच्या घरातून आणखी एक जण येत होती, तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत बरंच काही होतं. जिजाने सूप कुडाला टेकवून ठेवलं, तोंडाशी हात नेऊन डोंगराच्या बाजूला कोणाला तरी लांब हाक घातली, आणि मग वळून विचारलं,

“घाई नाय ना, शेठ? वरची चार घरं यायचीत अजून.”

“नाही,” धर्मेंद्र म्हणाला.

त्याने पायांतले बूट काढून बाजूला ठेवले आणि मांडी घालून नीट बसला.